वऱ्हाडचा दावा आणि न्यायालयाचे दार

आपला अमरावती-अकोल्याचा मुलूख निजामाच्या हातून लढाईत गेला नाही, कर्जात गेला. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेचा खर्च निजामावर लादलेला होता. तो थकला तेव्हा लष्कराची भीती घालून मे १८५३ मध्ये नासिरुद्दौला यांच्याकडून तह करून घेण्यात आला. १९०२ साली वार्षिक २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले.

१९२३ मध्ये उस्मान अली खान यांनी ते परत मागितले. हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय तोवर सुरू झाले होते. पण संस्थानिकांना तेथे प्रवेश नव्हता. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी कळवले की, ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा, तोच न्यायाधीश.

१९६९ च्या व्हिएन्ना कराराने बळाच्या धाकाने झालेला तह निरर्थक ठरवला. मागच्या तहांना मात्र तो लागू नाही. १९८६ मध्ये चिमुकल्या निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध हेगमध्ये निकाल मिळवला. अमेरिकेने तो मानला नाही, तरी दोष नोंदला गेला. वऱ्हाडच्या बाबतीत तेवढेही झाले नाही. आणि ज्यांची जमीन हातोहात फिरली, त्या रयतेला तर निजामानेही विचारले नाही, इंग्रजांनीही नाही.