पुस्तक अर्धंच वाचून झालंय? स्पॉयलर न देता त्यावर बोलायचं कसं

माझ्या रूममेटची एक रहस्यकथा मी कायमची बिघडवून ठेवली आहे. तो साधारण १४० व्या पानावर होता, मी आदल्याच रात्री पुस्तक संपवलं होतं. आमच्या वाचणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर मी उत्साहात लिहिलं, "शेवटी तो डॉक्टर असा निघेल असं वाटलंच नव्हतं यार!" मेसेज डिलीट करायला मला दहा सेकंदं लागली असतील. पण त्याच्या लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन येऊन गेलं होतं. "बरं, आता वाचायची गरजच नाही," एवढंच म्हणाला आणि पुस्तक शेल्फवर ठेवलं. ते आजही तिथेच आहे.

त्यानंतर मी या विषयाकडे जरा गंभीरपणे बघायला लागलो. संपलेल्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणं सोपं आहे. चालू पुस्तकाबद्दल बोलणं अवघड, कारण प्रत्येक जण वेगळ्या पानावर असतो. पण खरी मजाही तिथेच असते: अंदाज बांधायचे, चिडायचं, "हा असा का वागला?" म्हणून भांडायचं. पुस्तक संपल्यावर हे सगळं विसरायला होतं. म्हणून कोणतं ॲप काय करतं आणि कुठे फसायला होतं, ते इथे एकत्र लिहितोय.

स्पॉयलरने खरंच फरक पडतो का?

२०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या दोघांनी लघुकथांवर एक प्रयोग केला होता. त्यात शेवट आधीच कळलेल्या वाचकांना कथा सरासरी थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र उलटे निष्कर्षही आले.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. कर्णाचं पुढे काय होणार हे वाचकाला पहिल्या पानाआधीच माहीत असतं, तरी लोक ती अजून वाचतात. म्हणजे शेवट कळला की पुस्तक संपलं, असं दर वेळी नसतं. पण आधी कळून घ्यायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचं. माझ्या रूममेटला मी ते ठरवूच दिलं नाही. चूक ती होती.

पान नंबर का फसवतो?

"मी १४० व्या पानावर आहे" हे वाक्य वाटतं तेवढं पक्कं नसतं. त्याची कारणं अशी:

- आवृत्ती बदलली की अक्षरांचा आकार, पानाचा आकार, प्रस्तावनेची लांबी बदलते. तुमचं १४० दुसऱ्याचं १२२ असू शकतं.
- किंडलवर अनेक पुस्तकांत पान नंबर नसतोच, 'लोकेशन' नावाचा वेगळा आकडा असतो.
- टक्केवारी त्यातल्या त्यात बरी. पण पुस्तकाच्या मागे लांबलचक सूची किंवा टिपा असतील तर गोष्ट ९० टक्क्यांनाच संपलेली असते.
- ऑडिओबुक ऐकणाऱ्याकडे फक्त तास आणि मिनिटं असतात.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे प्रकरण. छापील, किंडल, ऑडिओ, कुठेही प्रकरण तेच राहतं. 'मृत्युंजय'मध्ये तर काम अजून सोपं आहे. नऊ भाग आहेत आणि ते सहा जणांच्या तोंडून येतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. "कुंतीचा भाग संपला" म्हटलं की कोणाच्याही हातात कोणतीही प्रत असली तरी जागा कळते.

गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ

गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. तिथे तीन शेल्फ तयारच मिळतात: वाचायचंय, सध्या वाचतोय, वाचून झालं. 'सध्या वाचतोय'मध्ये पुस्तक टाकलं की पान किंवा टक्केवारी अपडेट करता येते आणि सोबत छोटी नोंद लिहिता येते. पूर्ण परीक्षण लिहिताना 'यात स्पॉयलर आहे' अशी खूण करून ते झाकता येतं. अडचण मधल्या नोंदींची आहे. त्या थेट मित्रांच्या फीडमध्ये जातात, आणि समोरचा वाचक कुठवर आलाय याचा हिशोब तिथे होत नाही.

स्टोरीग्राफ हे नादिया ओडुनायो या प्रोग्रॅमरने २०१९ मध्ये आणलेलं ॲप. रेटिंग पाव ताऱ्याच्या फरकाने देता येतं (गुडरीड्सवर अर्धा तारासुद्धा देता येत नाही). पण माझ्या मते त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'बडी रीड'. दोन-चार मित्र मिळून एक पुस्तक घ्यायचं. मी ४० टक्क्यांवर असताना लिहिलेली कॉमेंट तुम्ही ४० टक्क्यांवर पोचेपर्यंत तुमच्यासाठी बंद राहते. काहीतरी लिहिलंय एवढंच कळतं, आणि ते वाचायला मिळावं म्हणून हात आपोआप पुस्तकाकडे जातो.

चॅटवर बोलायचं असेल तर

सगळ्यांना नवीन ॲप घ्यायला लावणं जमत नाही, ग्रुप आधीपासूनच कुठेतरी असतो. अशा वेळी:

- टेलिग्राम: मजकूर सिलेक्ट करा, फॉरमॅटिंगमध्ये जाऊन 'स्पॉयलर' निवडा. मजकूर झाकला जातो, टॅप केल्यावर दिसतो. चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्येही तो झाकलेलाच राहतो. ही सोय डिसेंबर २०२१ मध्ये आली. ग्रुपमध्ये 'टॉपिक्स' चालू करून प्रत्येक पुस्तकाला वेगळा टॉपिकही देता येतो.
- डिस्कॉर्ड: मजकुराच्या आधी आणि नंतर दोन-दोन उभ्या रेघा टाका, असं: ||डॉक्टरनेच केलं||
- रेडिट: सुरुवातीला >! आणि शेवटी !< टाका, मधे जागा सोडू नका.
- व्हॉट्सॲप: इथे मी जुनी युक्ती वापरतो. पहिल्या ओळीत फक्त पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि 'स्पॉयलर' हा शब्द. मग बऱ्याच रिकाम्या ओळी, प्रत्येकीत एक टिंब. त्याखाली खरी गोष्ट. लांब मेसेज 'आणखी वाचा'मागे दुमडला जातो. नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवात दिसते, म्हणून इशारा पहिल्याच ओळीत हवा.

मराठी पुस्तक सापडत नाही तेव्हा

हा अनुभव तुम्हालाही आला असेल. एकच पुस्तक देवनागरीत एक, रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगने वेगळं. मग तुमचं मत एका नोंदीवर आणि मित्राचं दुसऱ्याच नोंदीवर पडतं, आणि दोघांनाही वाटतं की हे पुस्तक आपण एकटेच वाचतोय. कारण साधं आहे. कॉम्प्युटरला ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार ही दोन पूर्ण वेगळी चिन्हं असतात. त्यामुळे 'मृत्युंजय' आणि 'मृत्यूंजय' त्याच्यासाठी दोन वेगळे शब्द.

सरळ मार्ग म्हणजे आयएसबीएन. हा नंबर पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर बारकोडपाशी असतो. २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधी १० आकडी होता. भारतातल्या पुस्तकांवर बहुतेक वेळा ९७८-८१ किंवा ९७८-९३ अशी सुरुवात दिसते. नावाऐवजी हा नंबर टाकून शोधा. जुन्या मराठी पुस्तकांवर नंबर नसतो, तेव्हा नाव दोन्ही लिप्यांत शोधून बघा आणि कोणती नोंद वापरायची ते ग्रुपमध्ये एकदाच ठरवून टाका.

तुमचं शेल्फ कोण बघतंय?

मागच्या वर्षी मी मुलाखतीच्या तयारीचं एक पुस्तक 'सध्या वाचतोय'मध्ये टाकलं. माझा टीम लीड त्याच ॲपवर माझा मित्र आहे, हे मी पार विसरलो होतो. सोमवारी त्याने हसत विचारलं, "काय रे, निघालास का?" मी कसंबसं निभावून नेलं.

आपण काय वाचतो यावरून लोकांना बरंच काही कळतं: तब्येत, नोकरी, घरातले प्रश्न, मनात काय चाललंय. म्हणून अकाउंट उघडल्यावर पहिल्याच दिवशी प्रायव्हसी सेटिंग्ज बघा, प्रोफाइल कोणाला दिसतं ते ठरवा. आणि काही पुस्तकं कुठेच न नोंदवता वाचावीत, त्यात काही बिघडत नाही.

अजून एक. मत मांडताना दोन-चार ओळी उद्धृत करायला हरकत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी योग्य प्रमाणात वापर करायची मुभा आहे. छापील पुस्तकातली ओळ गूगल लेन्सने सरळ कॉपीही करता येते. पण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकणं या मुभेत बसत नाही.

तुमच्या नोंदींची एक प्रत तुमच्याकडे ठेवा

फोन बदलताना मी बॅकअप घेतला नाही आणि ग्रुपवरच्या वर्षभराच्या गप्पा माझ्याकडून गेल्या. पुस्तकं आजही घरात आहेत. पण ती वाचताना मला काय वाटलं होतं, ते गेलं.

- गुडरीड्स: वेबसाइटवर 'माय बुक्स'मध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा पर्याय आहे. सीएसव्ही फाईल मिळते. त्यात रेटिंग, परीक्षणं, तारखा येतात, वाचताना लिहिलेल्या मधल्या नोंदी येत नाहीत. हीच फाईल स्टोरीग्राफमध्ये टाकता येते.
- किंडल: किंडल यंत्रावर 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये तुमचे हायलाइट आणि नोट्स साठतात. यूएसबीने कॉपी करून घ्या.
- सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसू शकतात. फाईल खराब झाली असं समजू नका, गूगल शीट्समध्ये उघडून बघा.

मधल्या नोंदी मी आता आधी फोनच्या नोट्स ॲपमध्ये लिहितो, मगच कुठेही शेअर करतो.

चांगला मेसेज कसा दिसतो?

माझा साचा चार भागांचा आहे: पुस्तक, ठिकाण, मला काय वाटलं, तुम्हाला काय वाटतं.

"मृत्युंजय. कुंतीचा भाग संपला, त्यापुढचं काही सांगू नका. मला वाटलं होतं तिचा राग येईल, पण वाईटच जास्त वाटलं. जे इथवर आलेत त्यांना विचारतो, तुम्ही तिला माफ केलंत का?"

यात कथेतलं काहीच फुटत नाही, ठिकाण कळतं आणि उत्तर द्यायला जागा राहते. "भारी पुस्तक आहे, वाचाच" यावर कोणी काय बोलणार?

परवा रूममेटने नवीन रहस्यकथा आणली. पहिल्या पानावर पेन्सिलने माझं नाव लिहून त्याखाली लिहिलंय, "तू आधी वाचायचं नाहीस." मी त्याला बडी रीडची लिंक पाठवली आहे. सध्या तो सहाव्या प्रकरणावर आहे आणि मी पाचव्या.