मुंबई विद्यापीठ ग्रंथालय

मुंबईत फोर्ट भागात ओव्हल मैदानासमोर, राजाबाई टॉवरला लागून असलेले संशोधन ग्रंथालय. कलिना येथील विद्यानगरीतले जवाहरलाल नेहरू ग्रंथालय हे याच विद्यापीठाचे दुसरे मोठे ग्रंथालय होय.

स्थापना व इमारत : १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ही व्यवस्था होती. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर १८६२ मध्ये पदवीधर झाले, तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. १८६४ मध्ये, कापसाची तेजी ऐन भरात असताना, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी ही तेजी आणणारे अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि पुढे प्रेमचंद यांचे दिवाळे निघाले. ग्रंथालयाची देणगी मात्र टिकली. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा; ते मुंबईला कधी आले नाहीत. १८६९ मध्ये सुरू झालेले मनोऱ्याचे काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. त्याची उंची २८० फूट आहे. मनोऱ्यावरील, पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या व्यक्तींचे पुतळे रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांच्या देखरेखीखाली घडले. राजाबाईंना दिसत नसल्याने सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ त्यांना घड्याळाच्या टोल्यांवरून कळे, असे सांगतात. वाचनकक्षाच्या रंगीत काचांसह इमारतीचे जतनकाम २०१५ मध्ये संपले. २०१८ पासून ती मुंबईतील जागतिक वारसास्थळाचा भाग आहे.

अध्यापनाशी संबंध : इमारतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ग्रंथालयाच्या इतिहासातली महत्त्वाची घटना म्हणजे १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा. विद्यापीठांनी स्वतः प्राध्यापक नेमावेत, ग्रंथालये व प्रयोगशाळा चालवाव्यात, याला त्या कायद्याने आधार दिला. तोवर ग्रंथ होते, जागा होती. पण विद्यापीठाचा म्हणावा असा वर्ग नव्हता आणि वर्गातून उठून पुस्तक मागायला येणारा विद्यार्थीही नव्हता. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचे अध्यापन आले, पुढे गो. स. घुर्ये यांनी तो विभाग उभा केला, आणि पदव्युत्तर अध्ययनाला ग्रंथालयाची रोजची गरज पडू लागली.

हस्तलिखिते : ग्रंथालय संशोधकाला शिकवते कसे, हे येथे सर्वांत स्पष्ट दिसते. अरबी, फार्सी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. भगवतसिंहजी व भडकमकर या संग्रहांतील संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली. ती १९४४ ची. वर्णनात्मक सूची म्हणजे नावांची यादी नव्हे. पोथीची पाने किती, लांबी-रुंदी काय, पानावर ओळी किती, ओळीत अक्षरे किती, आरंभ व शेवट कोणत्या शब्दांनी होतो, हे तीत एकेका पोथीखाली नोंदवावे लागते. शेवटी पुष्पिका, म्हणजे पोथीचा समाप्तिलेख, येतो. नकलकाराने नाव, गाव, तिथी लिहिली असेल तर ती बहुधा इथेच सापडते. दोन पोथ्यांत नेमक्या एकाच जागी ओळ गळलेली दिसली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा तर्क करता येतो. पाठचिकित्सा, म्हणजे प्रती ताडून मूळ पाठ ठरवणे, शिकणाऱ्याने व्याख्यान ऐकण्याआधी अशा दोन पोथ्या शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचाव्यात. पोथी वर्णन करून ठेवणारा सूचीकार हाही अध्यापकच असतो, आणि त्याचे नाव अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत असायला हवे.

ग्रंथालयशास्त्र : विद्यापीठाने १९४० च्या दशकात या विषयाचे शिक्षण सुरू केले.

नियतकालिके : १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत या विद्यापीठासह देशभरातील सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी सुमारे १३,००० ई-नियतकालिकांची वर्गणी एकत्र भरली जाते.

प्रबंध : पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहातही ठेवले जातात.