यंत्राचा कान आणि माणसाची बोली

म्हैसूर म्हटले की दसरा, चंदन आणि रेशीम यांची आठवण प्रथम होते. परंतु नभोवाणीच्या श्रोत्यांनी या नगराचे आणखी एक ऋण मानले पाहिजे. १९३५ साली तेथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले. त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे स्वतंत्र भारताच्या नभोवाणीने तेच नाव धारण केले. एकाने बोलावे आणि लाखोंनी ऐकावे, ही किमया त्या यंत्राने साधली. आज प्रश्न उलटा झाला आहे. लाखो लोक यंत्राशी बोलू पाहतात. त्यांपैकी कोणाचे बोलणे यंत्राला समजते?

या प्रश्नाचा इतिहासही म्हैसुरातूनच जातो. १९६९ साली तेथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. १९६१ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची संख्या १६५२ भरली होती. संस्थान स्थापन झाले त्या वेळी घटनेच्या आठव्या परिशिष्टात मात्र अवघ्या १५ भाषा होत्या. आद्य संचालक देबीप्रसन्न पट्टनायक यांनी मुलाचे आरंभीचे शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे, हा आग्रह जन्मभर धरला. याच संस्थानात २००७-०८ च्या सुमारास संगणकासाठी भारतीय भाषांतील मजकूर आणि ध्वनी संग्रहित करण्याची योजना सुरू झाली. त्या संग्रहात मराठीही आहे.

असा संग्रह कशासाठी? यंत्र भाषा शिकते ती व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, तर असंख्य माणसांच्या मुद्रित आवाजांतून. ते आवाज केवळ शहरातील सुशिक्षितांचे असतील, तर वऱ्हाडातील शेतमजूर स्त्रीचे शब्द यंत्र चुकीचे ऐकेल. आणि मग तिचा अर्जही चुकीचाच लिहिला जाईल.

सरकारी नोकरीच्या आरंभी सातपुड्यातील एका कचेरीत मी एक कोरकू वृद्धा पाहिली. दुभाष्या नसल्यामुळे ती तीन वेळा आल्या पावली परत गेली. चौथ्यांदा ती आलीच नाही. कचेरीच्या दप्तरात तिची तक्रार कोठेच नोंदलेली नव्हती. कागदोपत्री तिला काही दुःखच नव्हते!

२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आणि कोरकू बोलणारे ७ लाखांहून अधिक आहेत. दोन्ही भाषा आठव्या परिशिष्टाबाहेरच्या. भिली, गोंडी यांसारख्या भाषांसाठी अनुवादयंत्र घडविण्याचे सरकारी प्रयत्न आता सुरू झाले आहेत, हे शुभचिन्ह होय. तथापि, ज्या भाषेला बाजारात गिऱ्हाईक नाही, तिच्यासाठी संशोधन करण्याचा भार समाजालाच उचलावा लागतो, हा म्हैसूरच्या संस्थानाचा धडा विसरता कामा नये.

यंत्र किती भाषा बोलते, यावरून त्याची हुशारी कळेल. त्याचा न्याय मात्र, त्या वृद्धेला चौथी खेप घालावी लागते की नाही, यावरूनच ठरेल.