जीपच्या पाट्याची कुळकथा

जुनी जीप घेणारा माणूस आधी रंग बघतो, मग इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि गाडी दारात उभी राहिल्यावर कधीतरी खाली वाकून पाटे बघतो. खरं तर हा क्रम उलटा हवा. इंजिन मिळतं, रंग मारता येतो. पण गाडी चालवताना जे कंबरेला कळतं ते सगळं पाट्यांवर ठरतं. पोलादी पट्ट्यांची ही चळत असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे, खाली एकाहून एक आखूड पाटे, मधोमध सगळ्यांना ओवणारा सेंटर बोल्ट, आणि ही चळत अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या जीपचे पाटे गंजाने एकजीव झालेले असतात. सुटे असताना ते एकमेकांवर सरकतात आणि म्हणून वाकतात. चिकटले की सगळा गठ्ठा एकाच जाड लोखंडी कांबीसारखा वागतो. असा गठ्ठा खड्ड्यातला धक्का जिरवत नाही, सरळ वर पाठवून देतो.

ही चळत जीपच्या आधी बग्गीखाली होती. युरोपातल्या बग्ग्यांची पेटी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेली असे, आणि पुढचा-मागचा आस जोडायला मधून एक लांब, जड दांडा जाई. १८०४ साली लंडनच्या ओबादाया इलियट या बग्गीवाल्याने पोलादी पाट्यांच्या दोन कमानी टोकाला टोक जोडून लंबवर्तुळाकार स्प्रिंग केली आणि तिचं पेटंट घेतलं. पोलादी कमानी तेव्हा नव्या नव्हत्या. इलियटची करामत अशी की आस धरून ठेवण्याचं काम त्याने कमानीकडेच दिलं. मधला दांडा गेला, बग्गी हलकी झाली, पेटी खाली आली. पुढे लंबवर्तुळाचा वरचा अर्धा भाग काढून टाकला की खाली जो उरला, तोच अर्धा पाटा मोटारींना, ट्रकांना आणि अखेरीस जीपला आला. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यासुद्धा असल्याच पाट्यांवर डुलत असत. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या.

एक जाडजूड पट्टी न घालता पातळ पट्ट्यांची चळत का करायची? पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा एक पाटा जेवढा कडक, तेवढेच कडक तितक्याच लांबी-रुंदीचे ६ मिलिमीटरचे आठ पाटे. पण सारखंच वाकवल्यावर पातळ पाट्याच्या पृष्ठभागावर येणारा ताण मात्र निम्माच असतो. जाड पाटा जिथे तडकेल, तिथे पातळ पाट्यांची चळत वाकून परत येते. लांबीचं गणित उलट्या बाजूने चालतं. लांबी सव्वापट केली तर कडकपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. घरी जीप सुधारायला निघालेल्या माणसाने ही दोन वाक्यं गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावीत, कारण पुढची सगळी खटपट याच दोन गोष्टींशी आहे.

आता जीप. अमेरिकी लष्कराने १९४० च्या जुलैमध्ये हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची निविदा काढली आणि पहिला नमुना द्यायला मुदत दिली ४९ दिवसांची. वजनाची पहिली अट होती १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. ती कुणालाही पाळता आली नाही, येण्यासारखी नव्हतीच. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबरला नमुना मेरीलँडच्या कॅम्प होलाबर्डला पोचवला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धभर मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या.

एवढ्या घाईत झुलत्या भागासाठी नवीन काही शोधायला वेळ नव्हता, आणि माझ्या मते गरजही नव्हती. वळसे असलेली कॉइल स्प्रिंग घ्या: ती फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सल पुढे-मागे, डावी-उजवीकडे जाऊ नये म्हणून तिला वेगळे दांडे लागतात, त्यांना वेगळे बुश, वेगळे ब्रॅकेट. पाटा एकटाच वजनही पेलतो आणि अ‍ॅक्सलही जागेवर धरतो. रणांगणावर पाटा तुटला तर चार बोल्ट सोडवून दुसरा चढवता येतो. याची किंमतही होती. चाकांमधलं अंतर अवघं ८० इंच, त्यामुळे पाटेही आखूड: पुढचे सव्वाछत्तीस इंच, मागचे ४२, रुंदी पावणेदोन इंच. आखूड म्हणजे कडक. जीपमध्ये बसून हाडं खिळखिळी झाल्याची तक्रार त्या काळच्या सैनिकांपासून आजच्या हौशी मालकांपर्यंत सगळेच करतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

दोन कामं एकाच पाट्याकडे दिल्याने आणखी एक अडचण आली, आणि युद्धातल्या विलीज एमबी जीपच्या खाली पाहिलं तर ती आजही दिसते. पुढचा डावा पाटा उजव्यासारखा नाही. त्याच्या खाली एक जादा, आखूड पट्टी जोडलेली आहे. ब्रेक दाबला की चाकाबरोबर अ‍ॅक्सलही वळायला बघतो आणि पाट्याला इंग्रजी एस अक्षरासारखी मुरड पडते. मग स्टिअरिंगचा दांडा ओढला जातो आणि गाडी भलतीकडे खेचते. ती मुरड रोखायला युद्ध चालू असतानाच ही जादा पट्टी बसवली गेली. वजन पेलणं आणि वळू न देणं ही दोन कामं एकमेकांच्या मुळावर येतात हे त्या एका पट्टीत दिसतं. पाटा मऊ करावा तर अ‍ॅक्सल जागेवर राहत नाही, कडक करावा तर माणूस जागेवर राहत नाही.

विलीजचा मुख्य अभियंता बार्नी रूस याला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. एकच आडवा पाटा घालून पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र हलवण्याची रचना त्याच्याच डोक्यातली, आणि १९४६ च्या विलीज स्टेशन वॅगनला ती बसवलीही गेली. पण त्याच वॅगनला पुढे चारही चाकांची ओढ दिली तेव्हा पुन्हा सरळ अ‍ॅक्सल आणि त्याखाली पाटे आले.

रूसशी अमेरिकेत महिंद्र कंपनीचे एक संस्थापक के. सी. महिंद्र यांची गाठ पडली आणि त्यातून जीप मुंबईत आली. १९४९ मध्ये माझगावात सुट्या भागांतून जोडलेली पहिली विलीज जीप तयार झाली. उंच बॉनेटची सीजे-३बी ही नागरी जीप पुढे आपल्याकडे इतकी वर्षं बनत राहिली की तिचं अमेरिकेतलं उत्पादन बंद पडल्यावरही तिचे पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा झुलता दुवा), बुश आपल्या बाजारात सहज मिळत. तहसीलदार, फॉरेस्टवाले, साखर कारखान्याचे चेअरमन, निवडणुकीचा प्रचार, सगळ्यांच्या बुडाखाली हीच रचना होती. पुढे याच घराण्यातल्या जीपा पश्चिम महाराष्ट्रात वडापला लागल्या, आणि तिथे पाट्याचा इतिहास उलट्या दिशेने गेला. आत कोंबून, मागे लटकून, टपावर बसून माणसं भरली की मागचा भाग टेकायचा. उपाय एकच, एक पाटा वाढवा. तोही बसला की आणखी एक. ट्रकच्या भंगारातला चालत असेल तर तोही.

म्हणून आपल्याकडे जुनी जीप सुधारण्याचं काम पाटे काढण्यापासून सुरू होतं. मागच्या चळतीत मूळचे पाटे कुठले आणि नंतर चढवलेले कुठले हे आधी ओळखायचं. मूळच्या पाट्यांची टोकं नीट निमुळती होत गेलेली असतात, वाढवलेल्यांची बहुधा गॅसने कापलेली, खडबडीत असतात. नुसते वाढवलेले पाटे काढले, उरलेले तारेच्या ब्रशने घासले, कडा कानशीने गोल केल्या, मध्ये नायलॉनच्या पट्ट्या घातल्या, तरी नवे महागडे पाटे घेतल्यासारखा फरक पडतो. हे सांगायला कुणी दुकानदार तयार नसतो, कारण यात विकायला काहीच नाही.

खोलताना सावध राहावं. चॅसिसखाली स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही, जॅकच्या भरवशावर तर नाहीच. सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी चळत दोन मजबूत सी-क्लॅम्पमध्ये आवळून घ्यायची. पाटे एकमेकांपेक्षा जास्त-कमी वाकवलेले असतात, बोल्ट सुटताच ते झटक्यात उघडतात आणि बोटं राहत नाहीत. सगळ्यात जास्त शिव्या खाणारी गोष्ट म्हणजे जुन्या विलीजचे शॅकल. त्यातले काही बुश उलट्या आट्यांचे आहेत. ज्याला हे माहीत नाही तो सोडवतोय समजून दीड तास आवळतच बसतो.

पाटे बसलेले असतील तर पुन्हा कमान द्यावी लागते. जुना पाटेवाला ऐरणीवर गार पाट्यालाच ठोके मारत, थोडं थोडं सरकवत कमान चढवतो, आणि त्याचं काम बघत राहावं असं असतं. गॅसने लाल करून वाकवणारा भेटला तर पाटे उचलून घरी आणावेत. हे सिलिकॉन-मँगेनीजचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा मापात तापवून पाण्यावर आणलेलं असतं. लाल केलं की ते पाणी उतरतं आणि महिन्याभरात पाटा पुन्हा सपाट होतो. लोहार याच भंगार पाट्याचा कोयता करतो तेव्हा तो लाल करतोच, पण मागून पाणीही देतो. गाडीच्या पाट्याला पुन्हा पाणी द्यायची सोय रस्त्याकडेच्या दुकानात नसते.

यापुढे हौस. अमेरिकेतली मंडळी सीजे जीपला १९८७ पासूनच्या जुन्या रँग्लर जीपचे पाटे लावतात. सीजे-७ चे पुढचे पाटे २ इंच रुंद, रँग्लरचे अडीच इंच आणि लांबीलाही जास्त. लांबीचं गणित वर आलंच आहे. त्यासाठी चॅसिसवरचे ब्रॅकेट कापून सरकवावे लागतात, आणि वेल्डिंग हातात नसेल तर हा नाद करू नये.

दुसरी करामत शॅकल फिरवण्याची. जीपच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक पक्कं आणि पुढचं टोक झुलत्या शॅकलला असतं. खड्ड्यात पाटा सपाट होताना लांबतो, आणि मागचं टोक पक्कं असल्याने चाक पुढे, म्हणजे धक्का देणाऱ्या दगडाकडेच सरकतं. शॅकल मागे नेलं की चाक मागे सरकतं, रस्त्यावर गाडी मऊ लागते. पण मूळची रचना मूर्खपणाची नव्हती. पक्कं टोक मागे असल्याने पुढच्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी फार बदलत नाही, चढावर चाक दगडाला रेटून धरतं, आणि ब्रेक मारल्यावर नाक कमी टेकतं. मी तरी शॅकल जिथे आहे तिथेच ठेवीन.

उंचीची हौस असलेले तिसरी गोष्ट करतात. सीजेचा पाटा अ‍ॅक्सलच्या खालून बांधलेला असतो, तो वरून बांधतात. एका झटक्यात गाडी पाच-सहा इंच उंच होते, पाटे न बदलता, आणि फोटोत छानच दिसते. मग अ‍ॅक्सलचा पीळ वाढतो. चाक जमिनीला जोर लावतं ती जागा पाट्यापासून आणखी लांब गेली, म्हणून पाट्याला पडणारी मुरडही जास्त. चढावर क्लच सोडला की मागचा अ‍ॅक्सल थाडथाड उडायला लागतो आणि शाफ्टचे जॉइंट तुटतात. मग वेगळा दांडा लावून अ‍ॅक्सल धरावा लागतो. म्हणजे कॉइलला जो दांडा लागतो तोच शेवटी पाट्यालाही लावायचा.

स्वस्तातली उंची म्हणजे लांब शॅकल. पुढे शॅकल लांब केलं की अ‍ॅक्सल पुढे झुकतो, चाकाचा कॅस्टर, म्हणजे त्याच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रेषेत राहायचं नाव घेत नाही. पाट्याखाली पाचरीसारखी पट्टी घालून तो कोन परत आणावा लागतो. शिवाय आपल्याकडे हे सगळं कायद्याच्या कक्षेत येतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. मूळ मापाचे पाटे नीट करून, चांगले शॉकअप लावून जे होतं तेवढ्यात बहुतेकांचं भागतं.

कंपन्यांनी स्वतः मात्र पाटा हळूहळू सोडला. १९७० च्या रेंज रोव्हरने चारही बाजूंना कॉइल लावून दगडधोंड्यातही गादीसारखं जाता येतं हे दाखवलं. रँग्लरने १९९७ च्या मॉडेलला पाटे सोडले. २०१० च्या महिंद्र थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. २०२० च्या थारला पाटा उरला नाही.

ज्यांच्या गाडीला तो आहे त्यांनी बसवताना दोन पथ्यं पाळावीत. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. चारही चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यावर आल्यावरच शेवटचा पाना फिरवावा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे.