क्योतोचा गिओन उत्सव

भगिनींनो, मुलाबाळांसह परदेशी जाण्याचा योग आलाच, तर माझ्या मते जुलैत जपानातील क्योतोचा गिओन उत्सव पाहावा. इ. स. ८६९ मध्ये रोगाची साथ पसरली, तेव्हा देशाच्या ६६ प्रांतांच्या नावे ६६ भाले उभारून देवाची करुणा भाकली; हा त्याचा उगम. १४६७ च्या युद्धात खंडित झालेला उत्सव १५०० मध्ये नगरजनांनी पुन्हा उभा केला. १७ जुलैला उंच लाकडी रथ माणसे दोरांनी ओढतात. रोगराई दूर राहावी म्हणून दारावर बांबूच्या पानांची जुडी टांगतात. २०२० व २०२१ मध्ये कोरोनामुळे मिरवणूक निघाली नाही. आपणही तेव्हा दारे लावूनच होतो. २०२२ मध्ये रथ पुन्हा निघाले. मुलांना रथ दाखवाल, तेव्हा ही हकीकतही सांगा.