शिवेची राखण आणि बाप्तिस्मा

ग्रामदेवतेचा विचार करताना आपण बहुधा मूर्तीकडे पाहतो, शिवेकडे पाहत नाही. वस्तुतः राखणदार देवतेची सत्ता शिवेपुरती असते आणि शिवेच्या आत जन्मलेला प्रत्येक जीव आपसूक तिच्या राखणीखाली येतो. चंदन नदीकाठच्या रामपायलीत राममंदिराच्या कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला आसपासची गावे लोटतात, ती काही केवळ श्रीरामाच्या तत्त्वचिंतनासाठी नव्हे. जपानमध्येही उजिगामी हा मुळात कुळाचा देव पुढे गावाचा रक्षक बनला, आणि नवजात बालकाला त्याच्या दर्शनास नेण्याची रीत तेथे आजही आहे.

मग अशा गावात बाप्तिस्मा घेणारा मनुष्य शिवेच्या आत राहतो की बाहेर जातो? गोव्यातील कुंकळ्ळीचा इतिहास या संदर्भात धर्मशिक्षकांनी अवश्य अभ्यासावा. पोर्तुगीजांनी तेथील मंदिरे आधीच उद्ध्वस्त केली होती. १५ जुलै १५८३ रोजी फादर रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती चर्चसाठी जागा पाहण्यास व क्रूस उभारण्यास गेले असता ग्रामस्थांनी त्यांचा वध केला. फादर रुडॉल्फ अकबराच्या दरबारातून नुकतेच परतले होते; बादशहाने त्यांचे आदराने ऐकले, खेड्याने ऐकले नाही. सरकारने पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. या सूडाचा उल्लेख आमच्या चरित्रपुस्तकांत फारच त्रोटक येतो, हे खेदाने नमूद केले पाहिजे. १८९३ साली पाचही हुतात्मे 'धन्य' घोषित झाले.

देवी शांतादुर्गा फातर्प्यास गेली, परंतु तिची शीव कुंकळ्ळीतच राहिली. आजही शिगम्यात तिची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीस येते. सोबत गावकरांच्या बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात, आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती घराणीही उत्सवात भाग घेतात.

हा मूर्तिपूजेचा अवशेष, असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे. तितकेच सोपे, त्याला सर्वधर्मसमभाव म्हणून गौरविणे. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ख्रिस्ती गावकर छत्रीपाशी येतो तो देवीचा भक्त म्हणून, की बाराव्या हिश्शाचा वारस म्हणून? धर्मगुरूने पापनिवेदनापूर्वी हा भेद त्याच्याकडूनच समजून घ्यावा, आणि त्यासाठी त्याच्या घरी, त्याच्या ओसरीवर जावे.