छपराविना आसरा

मेंढराला थंडी मारीत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अंगावर दाट लोकर असलेले निरोगी मेंढरू कोरड्या थंडीत उघड्या माळावर सहज रात्र काढते. त्याचा घात करतो तो वारा, आणि वाऱ्याबरोबर वाहत येणारे हिम. स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील एट्रिक व यॅरो या खोऱ्यांतील लोकांना ही साधी गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली.

हा मुलूख बोडक्या, गवताळ डोंगरांचा. मेंढरे हिवाळ्यातही डोंगरावरच असत. हिवाळ्याच्या तोंडी त्यांची लोकर ठिकठिकाणी फाकवून कातडीला लोण्यात कालवलेले डांबर चोळीत. त्याने ओल व कीड यांपासून बचाव होई; वाऱ्यापासून मात्र होत नसे. वादळ सुटले की मेंढरू वाऱ्याकडे पाठ फिरवते आणि आडोशाच्या घळीत जाऊन उभे राहते. परंतु जेथे वाऱ्याचा जोर ओसरतो, तेथेच तो आपल्याबरोबरचे हिम टाकतो. म्हणजे मेंढराला जी जागा सर्वांत सुरक्षित वाटते, तीच त्याचे थडगे होते.

1794 च्या जानेवारीत, 24 तारखेच्या रात्री व 25 च्या पहाटे असेच वादळ या भागावर आले. त्याची हकीगत आज उपलब्ध आहे, याचे श्रेय जेम्स हॉग या मेंढपाळाला आहे. पुढे हा कवी व कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा असून ब्लॅकहाउस येथे चाकरीस होता. मेंढपाळ तरुणांनी एक वाङ्मयीन मंडळ चालविले होते, त्याच्या बैठकीस तो त्या दिवशी निघाला होता. आभाळाचा रंग पाहून तो वाटेतूनच परतला. वादळानंतर काही भोळ्या लोकांनी या मंडळावरच आळ घेतला. पोरांनी रात्री जमून सैतानाला आवाहन केले, म्हणून हा कोप झाला, असे ते म्हणू लागले! पुस्तके वाचणाऱ्या गरिबाविषयी असा संशय घेणारी माणसे कोठेही भेटतात.

हॉग आणि त्याचे सोबती पहाटेच्या अंधारात मेंढरे शोधण्यास बाहेर पडले. हिमाच्या माऱ्यात डोळे उघडवत नव्हते. घरापासून थोडेसे अंतर तोडण्यासही फार वेळ लागला. पुरलेली मेंढरे शोधण्याच्या कामी कुत्र्याचे नाक उपयोगी पडे. कुत्रा हिमावर जेथे पंजाने उकरी, तेथे माणसे खणीत. हिमाखाली मेंढरू लगेच मरत नाही. त्याच्या श्वासाच्या उबेने भोवती लहानशी पोकळी तयार होते आणि तीत ते कित्येक दिवस तग धरते. भुकेने शेजारच्या मेंढराची लोकरही खाते.

हॉगने 1819 साली ब्लॅकवुड्स मासिकात हे सारे लिहिले. त्या एका रात्री सतरा मेंढपाळ मेले, तीसहून अधिक बेशुद्धावस्थेत घरी आणावे लागले. नद्यांना पूर येऊन जनावरे सॉल्वेच्या खाडीकडे वाहून गेली. तेथील एका वाळवंटावर 1840 मेंढरे, 9 गुरे, 3 घोडे, 2 पुरुष, 1 स्त्री, 45 कुत्री आणि 180 ससे यांची प्रेते सापडली, अशी यादी तो देतो. त्यात एकही विशेषण नाही. त्याच्या पुष्कळशा काव्यापेक्षा ही यादी अधिक बोलकी आहे.

उपाय काही नवा शोधावयाचा नव्हता. दगडावर दगड रचून, चुना न घालता बांधलेला, पुरुषभर उंचीचा गोल वाडा, हा तो उपाय. त्याला तेथे ‘स्टेल’ म्हणतात. एक अरुंद दार असते, छप्पर नसतेच. योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढवाड्यात चोर दाराने न येता दुसरीकडून चढून येतो, यावरून तोही वरून उघडाच असावा. सरळ भिंतीच्या आडोशाला हिम साचते, चौकोनी वाड्याच्या कोपऱ्यांत त्याचे ढीग होतात. गोल भिंतीवर आदळणारा वारा दोहों बाजूंनी वळून जातो, काही वर उसळतो आणि हिमाचा बराचसा भाग बाहेरच पडतो. आपल्याकडे धनगर रात्री कळपाभोवती वाघर लावतो ती लांडग्याच्या भयाने. एट्रिकची भिंत वाऱ्याच्या भयाने उभी राहिली.

असे वाडे पूर्वीही कोठे कोठे होते; डोंगरोडोंगरी ते बांधले जावेत, असा आग्रह विल्यम जॉन नेपिअर याने 1822 साली एट्रिकच्या मेंढपालनावरील आपल्या ग्रंथात धरला. ट्रॅफल्गरच्या लढाईत होता तो हाच आरमारी अधिकारी. पुढे व्यापार-अधीक्षक म्हणून चीनला गेला आणि 1834 मध्ये मकाव येथे वारला. मकावचा कारभार तेव्हा गोव्याच्या अखत्यारीत होता. मात्र भिंतीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न उरतोच. जमीन जमीनदाराची, कळप कुळाचा, आणि वादळात बाहेर पडणारा माणूस पगारी. या तिघांपैकी ज्याला भिंतीची सर्वांत अधिक गरज, त्याच्या हाती ती बांधण्याचा अधिकार नव्हता.

शिवाय वाडा वारा अडवितो, पोट भरीत नाही. म्हणून त्याच्याजवळच वाळल्या गवताची गंजी रचून ठेवावी लागे. आणि सर्वांत अवघड काम मेंढपाळाकडेच राही: आभाळ फिरण्यापूर्वी, प्रकाश असतानाच, कळप खाली आणून दारातून आत घालणे. ते गोल वाडे त्या उतारांवर आजही दिसतात. काही ढासळले आहेत, काहींत हिवाळ्यात अजून मेंढरे असतात.